जर्मनीत वाजलेला नानांचा माग

"बंद कर ते मशीन! आत्ताच्या आत्ता!"

क्लाउस माझ्या दारावर दोन्ही मुठींनी बडवत होता. हा माझा जर्मनीतल्या हॉस्टेलचा शेजारी. उंची अशी, की ढग आले तर याला आधी कळायचं. मी दार उघडलं. हातात पुस्तक, अंगात स्वेटर, आणि खोलीत मशीन म्हणाल तर फक्त दाढीचं. तरीही खोलीभर आवाज घुमत होता — खट्-खट्-खट्-खट्...

मंडळी, भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नव्हता. आमच्या गल्लीतल्या चिंचेवर म्हणे हडळ राहायची. तिच्याच फांदीला दोरी बांधून आम्ही चड्ड्या वाळत घातल्यात. एकही चोरीला गेली नाही! पण हे जे झालं ते...

सोलापूरच्या पूर्व भागात आमचं घर. खाली माग, वर माणसं. माग म्हणजे टॉवेल विणायचा पॉवरलूम, नानांचा — माझ्या वडिलांचा. घरात तेलुगू, गल्लीत मराठी, आणि माग सुरू असताना नुसते हातवारे. मी जन्मल्यावर रडलो ते कुणाला ऐकूच गेलं नाही. तिसऱ्या दिवशी लाईट गेली तेव्हा नाना म्हणाले, "अगं, पोरगं झालंय की!"

त्याच खडखडाटात मी पाढे पाठ केले, बारावी केली, बीएस्सीला पहिला आलो. मागाची एक खोड होती. चालता चालता मध्येच एक ठोका गिळायचा. खट्-खट्-खट्... हां... खट्. मग नाना तेलाची बुधली घेऊन उठायचे, दोन थेंब सोडायचे, की गडी दिवसभर सरळ.

पुढे मास्टर्ससाठी जर्मनीची स्कॉलरशिप मिळाली. निघताना नाना एवढंच म्हणाले, "पास होऊन ये. फेल होऊन आलास तर मागावर उभा करीन."

पण तिथली ती शांतता! रविवारी तर शिंक आली तरी लोक सोमवारपर्यंत धरून ठेवायचे. भिंतीपलीकडं क्लाउसची दाढी वाढलेली मला ऐकू यायची. अशात अभ्यास कसला होतो? एक ओळ डोक्यात शिरेना. पहिल्या सेमिस्टरला दोन विषय उडाले. स्कॉलरशिपवाल्या बाईंनी गोड हसून सांगितलं — आणखी एक विषय गेला, की स्कॉलरशिप बंद आणि विमान चालू.

दुसऱ्या सेमिस्टरच्या सुरुवातीला एका सकाळी मी पुस्तक उघडून भिंतीकडं बघत बसलो होतो... आणि माग सुरू झाला.

इथंच, खोलीत. खट्-खट्-खट्... हां... खट्. आमचाच!

घाबरायला पाहिजे होतं, मान्य. पण मी काय केलं? चाळीस पानं एका बैठकीत खाल्ली! पुस्तक मिटलं की माग बंद, उघडलं की चालू. आठवडा झाला नाही तोच क्लाउस दारात. म्हणजे आवाज त्यालाही येत होता.

तो जाऊन वॉर्डनबाईंना घेऊन आला. त्यांनीही ऐकलं. मग झडती. गादी उलटली, फ्रिज भिंतीपासून ओढला, पलंगाखाली बॅटरी मारली. शेवटी शेंगाचटणीचा डबा उघडून हुंगल्या आणि अशा शिंकायला लागल्या की खिडकीतली कबुतरं उडाली. एवढ्यात माग ठप्प! आणि पुस्तक तर उघडंच होतं.

मला काय सुचलं कुणास ठाऊक, मी घरी फोन लावला.

"अम्मा, लाईट गेली का?"

"आत्ताच गेली. तुला रे कसं कळलं?"

"माग बंद पडला?"

"लाईट न्हाय तर माग कसा वाजंल?... हां, आली बघ."

आणि माझ्या खोलीत धडाधड सुरू! वॉर्डनबाई पालीसारख्या भिंतीला चिकटल्या. क्लाउसनं छातीवर क्रूस काढला. फोनमध्ये मात्र सामसूम.

"अम्मा, मागाचा आवाज येईना की तुझ्याकडं."

"मी गच्चीवर हाय," असं म्हणून तिनं फोन ठेवला. उन्हाळ्यात, भर दुपारी, सोलापुरात, गच्चीवर! तेव्हाच मला कळायला पाहिजे होतं.

वॉर्डनबाईंनी 'पाइपात हवा' असा शेरा मारून विषय संपवला. क्लाउस वरच्या मजल्यावर गेला. मी मात्र मागाच्या साथीनं राहिलेले विषय काढले, थिसिस लिहिला, आणि शेवटची तोंडी परीक्षा देऊन खोलीवर आलो. सवयीनं पुस्तक उघडलं. शांत. हलवून बघितलं... शांत. पुन्हा कधी वाजला नाही.

सर्टिफिकेट घेऊन घरी आलो, तर गल्लीच्या तोंडापासूनच काहीतरी चुकल्यासारखं. खालची खोली मोकळी. फरशीत बोल्टांची भोकं, तेलाचे काळे डाग, आणि मधोमध खुर्ची टाकून नाना पेपर वाचत बसलेले.

"माग कुठाय?"

अम्मा पदराशी चाळा करत म्हणाली, "तू गेलास न्हवं, त्याच्या दुसऱ्याच आठवड्यात भंगारात घातला. ऑर्डरीच न्हवत्या. ह्यांनी शपथ घातली हुती मला. म्हणले, पोराला कळलं तर पुस्तक टाकून परत येईल."

दुसऱ्याच आठवड्यात... म्हणजे मी पुढं सगळं शिक्षण ज्याच्या आवाजात केलं, तो तोवर कुठल्यातरी भट्टीत वितळून गेलेला!

आजवर पुष्कळांना विचारलं. कुणी म्हणालं, मनाचे खेळ. असतील. माझं मन मोठं आहे, पण त्यात क्लाउस मावत नाही हो! आणि वॉर्डनबाई? आणि लाईटचं काय? काही पत्ता लागत नाही.

त्या दिवशी मात्र नानांच्या पायाशी बसून मी सगळं सांगितलं, अथपासून इतिपर्यंत. सांगता सांगता रडायला लागलो. ते पेपरातून डोकं न काढता ऐकत होते. मी थांबलो तेव्हा म्हणाले,

"मधी ठोका गिळायचा का?"

"व्हय नाना. शेवटपर्यंत."

त्यांनी पान उलटलं.

"मग तेल घालायचं की."