मॅडमच्या वेजला धार

माझ्या सासऱ्यांनी आयुष्यात एकच गोल्फची काठी दुरुस्त केली, आणि ती बिघडलेली नव्हती.

काठी आमच्या ऑफिसातल्या मॅडमची. कंपनीच्या गोल्फ संघात एक जागा रिकामी झाली होती आणि मला ती हवीच होती. (चार महिने शिकत होते. चेंडू कधीकधी पुढेही जायचा!) मॅडम म्हणाल्या, "पुढच्या रविवारी खेळून दाखव. जमलं तर जागा तुझी. तोवर माझी वेज ने, सराव कर."

वेज म्हणजे चेंडू झेंड्याच्या जवळ आला की त्याला अलगद उचलून भोकाशी नेऊन ठेवायची काठी. मॅडमनी ती खास बनवून घेतली होती. लोखंडी डोक्याला मुलामा नाही, मुद्दाम गंजू दिलेलं, उन्हात चमकू नये म्हणून. बूड जाड आणि गोलसर, मातीत रुतू नये म्हणून. तोंडावर बारीक रेघा, चेंडूला फिरकी मिळावी म्हणून. हे सगळं मॅडमनी मला अर्धा तास समजावलं. मी राजुरीला सासरी येऊन कुणाला समजावलं? कुणालाच नाही! शनिवारी काठी पडवीत टेकवली आणि नवऱ्याबरोबर लेण्याद्रीला निघून गेले.

संध्याकाळी परतले तर पडवीत काहीतरी लखलखत होतं.

"आत्या, हे काय?" मी सासूबाईंना विचारलं.

"अगं, लई गंजली व्हती! चिंच आन् राख लावून घासली. लोकाची वस्तू अशी परत करत्यात व्हय?"

मी काठी हातात घेतली. रेघा गायब! बूडही गायब!

"त्ये मी केलं," मामा, म्हणजे सासरे, खुशीत पुढे आले. "तोंडावर लई ओरखडं व्हतं. लोहाराकडनं ग्राइंडरवर सपाट करून आणलं. आन् खालनं पार बोथट, धारच न्हाई! लावली धार. आता बघ, दाढी व्हईल!"

माझे बाबा असते तर मी कडाकडा भांडले असते. सासऱ्यांना काय बोलणार? "छान झालंय, मामा," म्हणाले आणि आत जाऊन उशीत तोंड खुपसून रडले. नवरा म्हणाला, "मॅडमना फोन करून खरं सांग." मला धीर झाला नाही.

रविवारी मैदानावर पहिलाच फटका मारला. खच्चकन वेज वीतभर जमिनीत! चेंडू जागच्या जागी. मी ओढतेय, काठी निघेना.

मॅडमनी ती उपसली आणि बोट फिरवलं. "अगं बाई! हिला धार आहे!"

"सासऱ्यांनी लावली, मॅडम," मी पुटपुटले. "त्यांना वाटलं, खुरप्यासारखं काहीतरी असेल."

मला वाटलं, आता जागा तर गेलीच, नोकरीही जाते. मॅडम एकदम हसत सुटल्या, इतक्या की गवतावर बसल्या. "मला भेटायचंय त्यांना!"

पुढच्या शनिवारी त्या खरंच राजुरीला आल्या. मी माफी मागत होते, पण मामांना आपल्या कामाचा अभिमान! "पावणं, चला बांधावर. धार दावतो." त्यांनी काठी धरली आणि गाजरगवतावर अशी झोकात फिरवली की एकेक रोप बुडख्यातून साफ.

मॅडमचे डोळे विस्फारले. "कंबर कशी वळते बघ यांची! डोकं जराही हलत नाही! गोल्फला हेच लागतं!" धावत जाऊन त्यांनी गाडीतून दुसरी, धड वेज आणली आणि अंगणात चेंडू ठेवला. "मामा, हा गोठ्यापलीकडं टाका."

"त्यात काय व्हतंय?" मामांनी टोला दिला. चेंडू गोठ्यावरून अलगद गेला आणि पलीकडच्या खळ्यात जिथे पडला तिथेच थांबला.

"मॅडम, माझ्या जागेचं..." मी हळूच विचारलं.

"नियमात घरचं माणूस चालतं," मॅडम म्हणाल्या. "तुमच्या घरालाच दिली."

आता रविवारी मामा टोपी घालून मैदानात उतरतात आणि मी मागून त्यांच्या काठ्यांची पिशवी उचलून चालते. कुणी विचारलंच, तर मॅडम माझी ओळख करून देतात, "ही होय? ही आमच्या खेळाडूची सून!"