डाव्या हाताची बोटं

दाढी झाली की डाव्या हाताची बोटं गालावरून उलटी फिरवायची, हे मी बापाच्या हाताखाली शिकलो. डोळ्याला न दिसलेला खुंट बोटाला लागतो. गोंदियाजवळच्या मुर्रीतल्या माझ्या दुकानात आरसा मोठा आहे, उजेडही भरपूर आहे, पण माझा भरवसा बोटांवरच. त्या दिवशी बोटं फिरवली, पावडर लावली, टॉवेल झटकला, तर गिऱ्हाईक उठता उठता म्हणालं, "भाऊ, हनुवटीखाली तसंच सोडलं ना." मी पुन्हा बोटं फिरवली. काही लागलं नाही. वाकून पाहिलं तर खुंट होते, चांगले काळेभोर.

हसत हसत वस्तरा पुन्हा उचलला आणि राहिलेलं डोळ्यानं पाहून काढलं.

आता गिटारीचं सांगावं लागेल. चाळिशी उलटलेल्या न्हाव्याला गिटार कशाला, असं बायको अजून विचारते. झालं असं की एक गिऱ्हाईक गिटार घेऊन कटिंगला आलं आणि खुर्चीत बसताना ती माझ्या हातात दिली, "जरा संभाल ना भैया." मी उगाच एक तार छेडली. लाकूड छातीला टेकलेलं होतं, आवाज थेट आत गेला. झालं, डोक्यात किडा शिरला.

गोंदियाच्या बाजारात गेलो, तर दुकानदार म्हणतो, "नायलॉन के तारवाली ले लो, नये हो, उँगलियाँ बच जाएँगी." मला राग आला. मी काय दूधपितं लेकरू आहे? नायलॉनचा आवाज मला गोधडीत तोंड घालून बोलल्यासारखा वाटला. मी लोखंडी तारांची घेतली, आणि तीही अशी की तारा लाकडापासून उंच, दाबताना जीव जायचा. दुपारी दुकान रिकामं असतं. तेव्हा मोबाईल आरशाला टेकवून, त्यातला मास्तर सांगेल तिथं बोटं दाबत बसायचो. सुरुवातीला अशी आग व्हायची की डोळ्यांत पाणी. मग दुखणं थांबलं. मी खुशीत बायकोला म्हटलं, "पाह्य, जमून राहिलं मले." दुखण्यासोबत बाकीचंही गेलं होतं, ते त्या दाढीनं दाखवलं.

तारांमुळे असेल, हे मनात आलं नाही असं नाही. पण त्याच्याआधी मोठे बाबा डोळ्यांपुढे आले.

मोठे बाबा म्हणजे माझ्या बापाचे मोठे भाऊ. सालेकशाकडच्या आमच्या गावी शेताच्या धुऱ्यावर त्यांची वेगळी झोपडी होती. घरची माणसं जेवण पानावर वाढून दूर ठेवायची आणि मागे सरायची. मी लहान होतो, लांब बसून त्यांच्या गोष्टी ऐकायचो. एकदा ते बोलत होते, हातात बिडी. बिडी जळत जळत बोटापर्यंत आली, कातडी जळाल्याचा वास मला आला, आणि ते बोलतच होते. हसत होते. मी ओरडलो तेव्हा त्यांनी हाताकडे पाहिलं, जसा तो दुसऱ्या कोणाचा हात आहे. घरात त्या रोगाचं नाव कोणी घेत नसे.

मी न्हावी. लोक डोळे मिटून मान माझ्या हातात देतात. ही गोष्ट फुटली असती तर खुर्चीवर कुत्रंही बसलं नसतं. म्हणून चूप राहिलो. चहाचा गरम ग्लास बोटांच्या टोकांनी धरून पाहायचो. सुईनं टोचायचो. बोटं ढिम्म.

गिटार बंद करून पाहायची, आठ-पंधरा दिवसांत फुकटात उत्तर मिळालं असतं. तेवढी हिंमत मला झाली नाही. बंद केली आणि तरी बोटं परत आली नाहीत तर? वाजवत होतो तोवर दोष तारांवर टाकता येत होता. म्हणून मी आणखी वाजवत गेलो, वेड्यासारखा, बोटं काळी पडेस्तोवर. शेजारचा किराणावाला म्हणायचा, "भाऊ लय मन लावून शिकून राहिला." मन कसलं बापा, भीतीनं दाबत होतो तारा.

आणि देवाची थट्टा पाहा. माझी बायको गावात आशा आहे, घरोघरी जाऊन लसी, औषधं, बाळंतिणी पाहणारी. त्याच दिवसांत त्यांची कुष्ठरोगाची तपासणी सुरू झाली. ती संध्याकाळी भाकरी थापता थापता सांगायची, "कोणाले चट्टा दिसला, बधिर लागलं, तं लपवाचं काहाले? गोळ्या फुकट भेटतात, पूर्ण बरं होते." मी मान डोलवायचो आणि डावा हात मांडीखाली घ्यायचो. खरं सांगतो, माझा विश्वास बसत नव्हता. मला ती बिडी दिसायची.

सगळं गाव झाल्यावर ती एका सकाळी अंगणात खुर्ची टाकून म्हणाली, "अजी, या. आपलंच घर राहिलं."

"मले काय झालं?"

"काऊन भिऊन राहिले? या म्हटलं ना."

पुरुषांना तपासायला तिच्यासोबत दुसरा माणूस असतो, पण घरचा नवरा तिनं स्वतः घेतला. मी बसलो. तिनं मागायच्या आधीच डावा हात पुढे केला आणि लहान पोरासारखा रडायला लागलो. "मले काही लागत नाही," म्हटलं. "कधीपासूनचं नाही लागत."

तिचा चेहरा उतरला. तिनं एकेक बोट उजेडात धरलं, नखानं खरवडलं, पेनाचं टोक लावलं. अंगठ्याला लावलं, तळहाताला लावलं. ते लागलं. मग ती कपाळावर हात मारून हसली.

"अजी, घट्टे होत हे! तारांचे. फक्त टोकं टणक झाली. अंगठ्यानं तार दाबत नाही ना तुम्ही? मंग तो बरा कसा राहिला?"

"खरं सांगून राहिली?"

"नाही तं काय! एवढे दिवस मांडीखाली हात घेऊन बसले, मले वाटे मुंग्या येतात."

मला उड्या माराव्याशा वाटल्या. तिला म्हटलं, आजच त्या तारा बदलतो, पातळ टाकतो, दुकानदारासमोर कान धरतो. तेवढ्यात ती म्हणाली, "शर्ट काढा."

"आता काहाले?"

"सगळ्यायचं पाहतो आम्ही. पाठ कोणाले दिसते स्वतःची?"

मी शर्ट काढला, तिच्याकडे पाठ केली. समोर भिंतीला गिटार टेकलेली होती. "डोळे मिटा," ती म्हणाली. "पेन लागला का तिथं बोट दाखवा."

खांद्यावर लागलं, दाखवलं. कमरेवर लागलं, दाखवलं. मी मजेत होतो. म्हटलं, "गिऱ्हाईक बसवतो तसं बसवलं तू मले. आता चंपीही कर." मी पेन लागायची वाट पाहिली.

"लाव ना वो. झोपली का?"

"लावूनच आहे मी," ती हळूच म्हणाली. "कधीची."

मी डोळे उघडले नाहीत. पेन खाली पडल्याचा आवाज आला. मग तिनं पूर्ण तळहात माझ्या पाठीवर ठेवला आणि तसाच ठेवून उभी राहिली. तळहाताखालचं मला काही कळलं नाही. तिच्या बोटांची टोकं तेवढी कळली.