टमाटे, सब्जा आणि गेंदीचं दूध

चंद्रभान जहाजावरची नोकरी सोडून कायमचा घरी आला, तेव्हा गावातल्या बायका चतुराबाईला म्हणाल्या, बाई, सुटलीस. आता सोनपेठच्या बाजाराला एकटीनं जायला नको, पाणी द्यायला एकटीनं रानात थांबायला नको. चतुराबाईलाही तसंच वाटलं होतं.

बहात्तरच्या दुष्काळात चंद्रभान मुंबईला गेला तो गेलाच. गोदीजवळच्या खानावळीत भांडी घासता घासता कोणाच्या तरी ओळखीनं तो जहाजावर चढला. तेव्हापासून वर्षा-दीड वर्षानं महिनाभर घरी यायचा, तोही पाहुण्यासारखा. त्या सगळ्या काळात रान चतुराबाईनं कसलं. विहिरीवर भाजीपाला काढला. एकुलती एक लेक चांगुणा पाथरीला चांगल्या घरी दिली. आणि गेंदी नावाची म्हैस तर अशी ठेवली की गोदाकाठच्या चार गावांत तशी म्हैस नव्हती. गेंदीचं दूध गवळी भुजंग रोज सकाळी सायकलवर येऊन सोनपेठच्या मिठाईच्या दुकानात न्यायचा.

चंद्रभान जहाजावर भंडारी होता. म्हणजे खलाशांचा स्वयंपाक करायचा. हे चतुराबाईला ठाऊक होतं, पण तिनं ते गावात कुणाला सांगितलं नव्हतं. कुणी विचारलं तर ती एवढंच म्हणायची, आमचे हे जहाजावर नोकरीला हायेत. ऐकणाऱ्याला मग टोपी घातलेला कुणी साहेब डोळ्यांसमोर आणायला मोकळीक होती. सोयरीक जमवताना चांगुणाच्या सासरीही तिनं तेवढंच सांगितलं होतं.

आता तोच माणूस घरात होता आणि त्याला गप्प बसवत नव्हतं. ती धार काढून येईपर्यंत तो चूल पेटवून चहा करून ठेवायचा. कांदा असा भराभर कापायचा की शेजारची नर्मदाबाई मुद्दाम उसनं मीठ मागायच्या निमित्तानं बघायला यायची आणि तोंडाला पदर लावून परत जायची. एक दिवस चतुराबाई रानातून आली तर फळीवरचे सगळे डबे त्यानं उतरंडीनं लावून ठेवलेले. हळदीच्या जागी जिरं, जिऱ्याच्या जागी शेंगदाणे. तिनं सगळे डबे खाली काढले, एकेक जागच्या जागी ठेवला, आणि मग म्हणाली की उद्यापासून रानात चला.

रानात तो गेला. पण इतकी वर्षं पाण्यावर काढलेल्या माणसाला मातीनं लगेच ओळख दिली नाही. खुरपायला बसवलं तर गवतासोबत मेथी उपटली. दारं धरायला उभं केलं तर पाणी भलत्याच वाफ्यात गेलं. बांधावरून बघणाऱ्यांची करमणूक झाली. चंद्रभानही त्यांच्याबरोबर हसला, कारण तो स्वभावानं तसा होता. चतुराबाई हसली नाही. हा माणूस वाईट नाही, आळशी नाही, व्यसनी नाही, तरी ह्याला ठेवायचं कुठं, हेच तिला कळत नव्हतं.

पौषातली गोष्ट. टमाट्याचे वाफे लाल झाले होते. चतुराबाई टमाटे तोडत होती आणि चंद्रभान पाटीत भरत होता. विहिरीच्या थारोळ्याजवळ सब्जाची झुडपं होती. उन्हाळ्यात थंडाईला बी लागतं म्हणून चतुराबाई ती दरसाल राखायची. पाटी उचलताना चंद्रभानचा पाय त्या झुडपांना लागला आणि वास सुटला. तो पाटी खाली ठेवून तिथंच उभा राहिला. एक पान तोडून त्यानं चुरगाळलं, हुंगलं, परत हुंगलं. तिला वाटलं, ह्याला घेरी आली की काय.

घरी येताना त्यानं सांगितलं. एकदा त्यांचं जहाज बिघडून इटलीतल्या एका बंदरात पडून होतं. नेपोली म्हणायचे त्या गावाला. तिथं धक्क्याजवळ एक म्हातारी खानावळ चालवायची. मांसमच्छी नको म्हणणाऱ्या ह्या परदेशी माणसाला काय वाढावं, हे तिला कळेना, म्हणून तिनं एक बशी पुढं ठेवली. त्यात टमाट्याच्या चकत्या, त्यांच्यामध्ये पांढऱ्याशुभ्र कसल्याशा चकत्या, वरून हीच सब्जाची पानं आणि तेल. बस, शिजवणं नाही, फोडणी नाही. जहाज दुरुस्त होईपर्यंत तो रोज तेच खायला जायचा. ती पांढरी चीज दुधाची होती, आणि म्हातारीच्या मागच्या खोलीत तिचा भाऊ ती कशी करायचा हे त्यानं उभं राहून पाहिलं होतं.

चतुराबाईनं ऐकून घेतलं. नवऱ्याच्या गोष्टी पारावरच्या लोकांना खोट्या वाटायच्या. तिला खोट्या वाटत नव्हत्या, पण त्यांचं करायचं काय, हा प्रश्न होताच.

दोन-तीन दिवसांनी विद्यापीठाच्या नामांतरावरून सगळीकडे बंद होता. एसटी नव्हती, सोनपेठचं दुकान उघडं नव्हतं, आणि भुजंगाची सायकलही आली नाही. आदल्या संध्याकाळचं दूध होतं, त्यात सकाळचं आलं. दोन गंज भरून दूध चुलीपाशी उभं. थोडं विरजायचं, थोडं नर्मदाबाईला द्यायचं, असा चतुराबाईचा हिशोब चालला होता. चंद्रभान दारात उभा राहून म्हणाला की एक गंज मला दे, मी ते करून बघतो.

कसं करणार, हे तिनं विचारलं. दुधात आंबट शिरका घालून ते फाडायचं, असं तो म्हणाला. ते ऐकून चतुराबाईचा हात गंजाच्या झाकणावर घट्ट बसला. दूध नासलं तर ती दिवसभर हळहळायची, आणि हा माणूस चांगलं धारोष्ण दूध हातानं नासवायला निघाला होता. दुभत्या जनावराच्या घरात असलं काही करत नाहीत, गेंदी आटंल, असं तिनं त्याला स्पष्ट सांगितलं.

चंद्रभान उंबऱ्यावर बसला. मग म्हणाला, "चतुरे, तिथं मी ते रोज का खायला जायचो, ठावं हाय का? ते म्हशीच्या दुधाचं होतं. त्या मुलखात म्हशी हायेत. जहाजावर डब्यातलं भुकटीचं दूध पिऊन तोंडाची चव गेलती. तिथं पहिला घास घेतला आन मला आपलं घर आलं डोळ्यापुढं. तू धार काढायलीस आन मी इथं उंबऱ्यावर बसलोय, असं. त्या म्हातारीपुढं रडू आलं मला. तिला वाटलं, तिखट लागलं."

चतुराबाईनं झाकणावरचा हात काढला. इतक्या वर्षांत तो काय काय आठवत असेल, ह्याचा तिनं कधी विचार केला नव्हता. पत्रात तो नेहमी खुशाली आणि पाऊसपाणी एवढंच लिहायचा.

"एकच गंज," ती म्हणाली. "आन सांडलवंड करू नका."

त्यानं गंज चुलीवर ठेवला, दूध उकळलं, शिरका ओतला. शिरका त्यानं मागच्या बाजारात सोनपेठहून कांद्यासाठी आणला होता. दूध फाटलं. फडक्यात बांधून पाणी काढलं आणि तो गोळा मळायला बसला, तर त्याचा नुसता चुरा झाला. ओढावा तर तुटायचा, दाबावा तर विखरायचा. चंद्रभान घामाघूम झाला. शेवटी चतुराबाईनं तो चुरा त्याच्यापुढून उचलला, कांद्या-मिरचीबरोबर तव्यावर परतला, आणि दोघांनी तो भाकरीबरोबर खाल्ला. वाईट लागला नाही. पण चंद्रभानचं जेवणात लक्ष नव्हतं. हात धुता धुता त्याला एकदम आठवलं की त्या भावाच्या दुधाला कधी उकळी नसायची. तो दूध नुसतं कोमट करायचा.

आता खरं तर चतुराबाईनं विषय मिटवायचा. पण तिच्याही मनात ते बसलं होतं. चांगल्या सुगरणीसमोर पदार्थ बिघडला की तिला चैन पडत नाही, मग तो पदार्थ नवऱ्याचा का असेना. संध्याकाळची धार काढून ती आली आणि तिनं स्वतःच गंज चुलीवर चढवला. कोमट म्हणजे किती कोमट, असं तिनं विचारलं. ते त्याला सांगता येईना. हातानं दाखवायला लागला. मग तिनं दुधात करंगळी बुडवली आणि विरजण लावायला असतं त्याहून जरा जास्त तापू दिलं. शिरका घातल्यावर ह्या वेळी दूध वेगळंच वागलं. चुरा झाला नाही. मऊ, लिबलिबीत गोळे होऊन ते एका जागी गोळा झालं आणि हिरवट पाणी बाजूला झालं.

मग कढत पाण्यात मीठ घालून तो गोळा त्यात सोडायचा आणि पाण्यातच मळायचा. चंद्रभाननं हात घातला आणि झटक्यात बाहेर काढला. पळीनं करून बघितलं तर जमेना.

"आवं, सरा तिकडं," चतुराबाई म्हणाली.

तव्यावरची भाकरी बोटांनी उलटणारे तिचे हात. तिनं बांगड्या वर सरकवल्या आणि दोन्ही हात पाण्यात घातले. चटका बसला, नाही असं नाही, पण तिनं गोळा दाबला, दुमडला, परत दाबला. दोन-चारदा झालं आणि तिला बोटांखाली काहीतरी बदलल्यासारखं वाटलं. तिनं गोळा वर उचलला. तो तुटला नाही. पुरणपोळीची चांगली तिंबलेली कणीक जशी ओढावी तशी लांबत जाते, तसा तो लांबला, आणि वरून तुकतुकीत झाला. चंद्रभान बघत राहिला. तिनं घडी घातली, परत ओढला. तिला गंमत वाटायला लागली होती, आणि ती लपवायचं भान राहिलं नव्हतं. शेवटी दोन गोळे वळून तिनं माठातल्या गार पाण्यात सोडले.

बाकीचं चंद्रभाननं केलं. विळीवर टमाट्याच्या चकत्या केल्या, सगळ्या एकसारख्या. एका गोळ्याच्या चकत्या केल्या. पितळी ताटात लाल, पांढरी, लाल, पांढरी अशी गोल मांडली. वरून सब्जाची कोवळी पानं तोडून टाकली, मीठ भुरभुरलं. नेपोलीचं तेल इथं कुठलं मिळणार, म्हणून घाण्याचं करडीचं तेल सोडलं. चतुराबाई भाकरी थापता थापता म्हणाली की टमाट्याची कोशिंबीर एवढी मांडून कोणी खातं का.

मग तिनं खाल्लं. टमाटा आंबट-गोड, आपल्या वाफ्यातला, ओळखीचा. पण त्याच्याबरोबर दाताखाली ते मऊ पांढरं आलं आणि त्यातून थोडं दूध सुटलं. गेंदीचं दूध. ते तिनं डोळे मिटूनही ओळखलं असतं. मागून सब्जाचा वास वर आला, आणि शेवटी करडीचं तेल. तिनं एक चकती खाल्ली, मग भाकरीच्या तुकड्यावर दुसरी ठेवून खाल्ली. चंद्रभान तिच्या तोंडाकडे बघत होता.

"मीठ कमी हाय," ती म्हणाली. आणि मग जरा वेळानं, "चांगलं झालंय."

ताट दोघांनी पुसून घेतलं.

दुसऱ्या दिवशी भुजंग दुधाला आला तेव्हा राहिलेल्या गोळ्याची एक चकती टमाट्यासोबत चतुराबाईनं त्याच्या हातावर ठेवली. भुजंग वाटेनं सगळ्यांना सांगत गेला. दुपारपर्यंत नर्मदाबाई वाटी घेऊन हजर. ह्या वेळी तिनं मिठाचं निमित्त केलं नाही, सरळ मागितलं. गेंदी काही आटली नाही. उलट त्या आठवड्यात दूध जरा जास्तच दिलं, असं चतुराबाईचं म्हणणं होतं.

संक्रांतीनंतर दोघं लेकीकडे पाथरीला गेली. भुजंगाच्याच दुधाच्या डब्यात गार पाण्यात बुडवलेले गोळे, एका पिशवीत टमाटे, ओल्या फडक्यात सब्जाची पानं. एसटीत चतुराबाईनं डबा मांडीवरून खाली ठेवला नाही. चांगुणाच्या सासूबाई प्रभावतीबाई मोठ्या शिस्तीच्या. त्यांच्या घरातली माणसं शाळेत शिक्षक, जेवण टेबलावर. चतुराबाई तिथं नेहमी बेतानं बोलायची. त्या दिवशी ताट टेबलावर आलं, सगळ्यांनी खाल्लं, आणि विहीणबाईंनी विचारलं, हे तुम्ही कुठं शिकलात?

चंद्रभाननं मान खाली घातली. बायको ही गोष्ट बाहेर सांगत नाही, हे त्याला ठाऊक होतं.

"ह्यांनी शिकवलं," चतुराबाई म्हणाली. "जहाजावर भंडारी होते. सगळ्या खलाशांचा स्वयंपाक ह्यांच्या हातचा. लय नावाजलेला."

शेवटचं वाक्य तिनं आपल्या मनानं घातलं होतं. प्रभावतीबाईंनी चंद्रभानकडे पाहिलं, जणू तो त्यांना आजच भेटत होता. त्यांनी जहाजावर भात कसा लावतात इथपासून विचारायला सुरुवात केली. चंद्रभान आधी चाचरत बोलला, मग खुलला. डुलणाऱ्या जहाजात चुलीवरची भांडी कशी बांधून ठेवतात ते त्यानं वाट्या मांडून दाखवलं. चांगुणा वडिलांकडे बघून हसत होती. जावईबापूंनी दुसऱ्यांदा ताट पुढं केलं.

ते ताट भरायला चतुराबाई उठली. चंद्रभानही मागोमाग आत आला आणि टमाटा चिरायला बसला.

"जरा पातळ करा," ती म्हणाली, "माणसं वाढलीत." शेजारच्या दोघीजणी हे काय म्हणून बघायला आल्या होत्या.