तिसरी मूठ

बांबू शेकल्याचा वास आला, की स्वातंत्र्याच्या आदल्या हिवाळ्यातलं अकोले तालुक्याच्या डोंगरातलं आमचं अंगण आठवतं. बाचं धनुष्य तीन तुकड्यांचं होतं, बांबूच्या दोन कांबी आणि त्यांना जोडणारा मधला लाकडी दांडा. हिवतापानं त्याच्या हातातला जोर असा गेला होता, की दोरी छातीपर्यंतही येईना. मी माहेरी आले होते. त्याच कांबींना मी गुपचूप आधीच्यापेक्षा चार बोटं लांब दांडा बसवला, कारण दांडा लांबला की ओढ हलकी होते, हे त्यानंच मला शिकवलेलं. सकाळी दोरी थेट कानापर्यंत आली आणि बा कितीतरी दिवसांनी हसला. पण आमच्यात दांडा ज्याच्या त्याच्या मुठीनं मोजतात. सवयीनं त्यानं मुठीवर मूठ ठेवली. दोनच बसायला हव्या होत्या, तिसरीही बसली. "हातात जोर न्हाई, हे मला ठावं हुतं, पोरी," तो हळू म्हणाला, "तुला ठावं न्हाई, असं वाटत हुतं." दोरी उतरवून त्यानं धनुष्य माझ्याकडे दिलं, ते पुन्हा कधीच मागितलं नाही. परवा नातीनं माझा हंडा अर्धाच भरून ठेवला होता. उचलतानाच ते कळलं, पण आत न डोकावता मी तो डोक्यावर घेतला.