उठता येईल अशी सीट

कारखान्यात तिला सगळे टाचणी म्हणत. सीटचं कापड ताणताना टाचण्या ओठांत धरायची सवय हे एक कारण, आणि टाचण्या काढल्यावर ती जे बोलायची ते दुसरं. रेल्वेचे जुने डबे तिथे यायचे, आतून पार सोलले जायचे आणि नवे होऊन बाहेर पडायचे. गादीकामाची मुख्य तीच. या खेपेच्या डब्यांसाठी तिने केलेल्या सीटवर तिचा भारी जीव होता. जाड मऊ फोम, मागे झुकलेली बैठक, आणि सीटखालची मोकळी जागा फळीने बंद करून आत दडवलेल्या चार्जिंगच्या तारा.

नवी सीट पास करायची तिथली एक रीत होती. चहाच्या सुट्टीत ज्याने त्याने नमुन्याच्या सीटवर बसून चहा प्यायचा. कप संपेपर्यंत चुळबुळ झाली नाही की सीट पास. या सीटवर तर लोक रिकामा कप हातात धरून लोळत राहिले. फोरमन म्हणाले, "घरी न्यावीशी वाटते." टाचणीच्या अंगावर मूठभर मांस चढलं. मग घंटा झाली आणि सगळे टुणकन उठून कामाला लागले. बसणाऱ्यांकडे सगळ्यांनी निरखून पाहिलं होतं, उठणाऱ्यांकडे पाहायचं कुणाच्याच डोक्यात आलं नाही.

नवा डबा धावू लागला तेव्हा तिने थोरल्या बहिणीला मुद्दाम त्याच गाडीने बोलावलं. आई लवकर गेली, टाचणीला ताईनेच वाढवलं. ताई आयुष्यभर इस्पितळात नर्स होती. आता निवृत्त झालेली, दोन्ही गुडघे कामातून गेलेले, तरी दर महिन्याला एकटी गाडीत बसून धाकटीकडे यायची. टाचणी फलाटावर ऐटीत उभी होती. गाडी आली, थांबली आणि सुटली, पण ताई काही उतरली नाही. पुढच्या स्टेशनवरून ती टॅक्सी करून आली आणि म्हणाली, "डोळा लागला गं."

टाचणीला ते खरं वाटलं. पण घरात ताई सोफ्याकडे फिरकेना. जेवणाच्या टेबलाशी लाकडी खुर्ची धरूनच बसली. उठायचं झालं की पाय खुर्चीखाली ओढायची, खुर्चीच्या हातांवर रेटा द्यायची, मग कुठे उभी राहायची. टाचणी भाजी चिरता चिरता ते बघत होती. तिने विळी बाजूला सारली.

"ताई, खरं सांग. झोप लागली होती?"

"उठताच आलं नाही मला. रुतून बसले होते. पाय मागे घ्यायला जागा नाही, पुढे हात टेकायला काही नाही."

"मग कुणाला तरी हाक मारायची ना."

"जन्मभर मी लोकांना पलंगावरून उठवलं. आता अनोळखी माणसाला सांगू, मला उचला म्हणून? नाही जमणार. यापुढे तूच येत जा. माझा प्रवास झाला तेवढा बास."

एरवी टाचणीने चार शब्द सुनावले असते. त्या दिवशी राग काढणार कुणावर? सीट तिची, फोम तिचा, खालची फळीही तिनेच हट्टाने बसवून घेतलेली. तिला लाज वाटली, अगदी मनापासून वाटली. पण लाज वाटली म्हणून डोकं धरून बसणाऱ्यांतली ती नव्हती.

दुसऱ्या दिवशी ती फोरमनसमोर उभी राहिली. "सीट बदलायची."

"टाचणीबाई, बऱ्या आहात ना? लोक डोक्यावर घेऊन नाचतायत त्या सीटला. आणि मागे डब्यांची रांग लागलीय."

"नाचणाऱ्यांना उठता येतं."

फोरमन हसून निघून गेले. चहाच्या सुट्टीत टाचणी जाड कापडाच्या पट्ट्या घेऊन आली. "गुडघे नीट वाकणार नाहीत असे बांधते, आणि मग प्या चहा." फोरमन गंमत म्हणून तयार झाले. ऐसपैस बसले, चहा प्यायले. घंटा झाली. ते पुढे सरकले, मागे घसरले, एका कुशीवर कलले. लोक आधी खो-खो हसले, मग हसू हळूहळू ओसरलं. एकाने हात पुढे केला तशी टाचणी मध्ये आली.

"हात द्यायचा नाही. गाडीत कोण देणार आहे?"

फोरमननी कपाळ पुसलं. "एक डबा करा," ते सीटमध्ये रुतलेलेच म्हणाले. "आणि तो ठरल्या दिवशी बाहेर पडला पाहिजे. आता उठवा मला."

टाचणीने स्वतःच्या हातांनी स्वतःची शिलाई उसवली. फोम पातळ केला, पुढची कड घट्ट केली, बैठक उंच घेतली. हात टेकायचे दांडे पार पुढपर्यंत आणले. फळी मागे सरकवायची म्हटल्यावर वायरमनने तोंड वाकडं केलं. ती त्याच्या एवढी मागे लागली की तारांना दुसरी वाट काढणंच त्याला सोपं वाटलं. ती रोज गुडघे बांधून बसायची आणि उठायची. जमलं नाही की पुन्हा उसवायची. सोबतचे म्हणाले, सीट कडक झाली. ती म्हणाली, होऊ दे.

डबा ठरल्या दिवशी बाहेर पडला. ताईने मात्र फोनवर साफ नकार दिला. टाचणी रोज फोन करत राहिली.

"एकदाच ये," ती शेवटी म्हणाली. "नाही उठता आलं तर मी आत चढते आणि पुढच्या स्टेशनपर्यंत तुझ्याशेजारी बसते. परत कधी ये म्हणणार नाही."

ताई निघाली. गाडी फलाटाला लागली तेव्हा खिडकीतून ती दिसली, अजून बसलेलीच. टाचणीचा पाय पायरीवर गेला होता, तो तिने मागे घेतला. आत ताईने दांडे धरले, पाय सीटखाली ओढले, थोडी थांबली. लोक तिला वळसा घालून उतरत होते. मग ती उठली, सावकाश दारापर्यंत आली आणि कठड्याला धरून खाली उतरली.

"कडक आहे गं तुझी सीट," ती कंबर चोळत म्हणाली. "सगळी पाठ धरली माझी."

"हो?"

"हो म्हणजे काय. पुढच्या वेळी येताना मी उशी आणणार आहे."

टाचणीने बहिणीच्या हातातली पिशवी घेतली. "आण, आण. अभ्रा मी शिवून देते," ती म्हणाली.