माझ्या गालांवरचा डेमो प्लॉट

दहावीच्या फॉर्मवरचा फोटो ही आमच्या घरात साधी गोष्ट न्हवती, हे आधीच सांगून टाकते, न्हाईतर पुढचं सगळं तुम्हाला येडेपणा वाटंल. फोटो एकदाच काढायचा, त्याच्या बारा कॉप्या करायच्या, आन् त्या बारा संपेस्तोवर दुसरा फोटो न्हाई, असा घरचा कायदा. माझ्या मोठ्या भावाचे फोटोत डोळे मिटले गेल्ते. तोच फोटो हॉल तिकिटावर, तोच कॉलेजच्या फॉर्मवर, तोच एसटीच्या पासवर. कंडक्टर रोज पास बघून म्हणायचा, "उठ रे बाबा, वडीगोद्री आली."

त्यामुळं मॅडमनी वर्गात सांगितलं की तीन आठवड्यांत फोटो आणून द्या, तेव्हा मला पहिल्यांदा काय आठवलं असंल तर आरसा. कारण माझ्या तोंडावर तेव्हा एकवीस पिंपल होते. मी स्वतः मोजले होते. आठ उजव्या गालावर, सात डाव्या, सहा कपाळावर. बारा कॉप्या गुणिले एकवीस! गणित मला येत न्हाई असं सर म्हणायचे, पण हे गणित मी एका सेकंदात केलं आन् रडायला बसले.

आई म्हणाली, "रडायला काय झालं? मोसंबीची साल वाळवून कुटून ठेवलीय. त्यात डाळीचं पीठ, हळद, वरून साय. आठ दिवसांत गाल बघ कसे होतेत."

आमची मोसंबीची बाग. त्यामुळं आमच्याकडं सालीला तोटा न्हवता आन् आईचा सालीवर लई विश्वास होता. खोकला झाला तरी साल, मुंग्या झाल्या तरी साल.

पण घरात काकू होती. काकू जालन्याची, म्हंजे शहरातली, लग्न होऊन दोनच वर्षं झालेली. तिच्याकडं आरशाचं झाकण असलेली पेटी होती आन् तिच्या मताला त्या पेटीमुळं वजन होतं.

"अक्का, आता कोण साली लावतं तोंडाला?" काकू म्हणाली. "पोरीला एखादी चांगली ट्यूब आणा."

"ट्यूब सायकलीत घालतेत," आई म्हणाली, आन् भाकरी उलटली.

शनिवारी काका काकूला घेऊन अंबडला बाजाराला निघाले, तर मीबी मागं लागले. काकूनं मला थेट शेठच्या जनरल स्टोअरमधी नेलं. शेठचं घराणं राजस्थानातलं, पण तीन पिढ्या अंबडातच, बोलणं आमच्यापेक्षा साफ. त्यांची विकायची पद्धत अशी की चार ट्यूबा काढायच्या, प्रत्येकीतलं मुगाएवढं स्वतःच्या डाव्या हाताच्या मागच्या बाजूला लावायचं, चोळायचं, आन् हात गिऱ्हाइकाच्या नाकापुढं धरायचा.

"ही कशासाठी?" काकूनं इचारलं.

"मुरमासाठी."

"आन् डाग जायला?"

"हीच."

"आन् कातडी कोरडी पडली तर?"

"भाभी," शेठ म्हणाले, "गुणी चीज हाये, तिला कामं वाटून नका देऊ."

काकूनं नळीवरचं सगळं बारीक अक्षर वाचलं. मला वाटलं ती औषधं तपासून राह्यली, पण ती नळीवरची बाई बघत होती. "हिचं नाक आपल्या पोरीसारखं हाये," ती म्हणाली, आन् खरेदी पक्की झाली. काकूची निवडायची रीत अशी होती.

तोपर्यंत काका बाजूला उभे राहून शेठच्या हातांकडं एकटक बघत होते. डावा हात असा मऊ की बाळाचा वाटावा. उजवा खरबरीत, भेगाळलेला, गोणपाटासारखा.

"शेठ, उजव्या हाताला काय लावता?"

"काहीच न्हाई. त्यानं माल उतरवतो. त्याला कुठं फुरसत?"

"आन् डाव्याला रोज क्रीम?"

"गिऱ्हाइक आलं की. वीस वर्षं झाली."

काकांनी कपाळावर हात मारला. "अरे, हा तर डेमो प्लॉट हाये!"

आता हे सांगायला पाहिजे की आमचे काका एका बियाण्याच्या कंपनीत सुपरवायझर होते, आन् त्यांचं कामच ते. रोडच्या कडंला एकाद्याचं शेत बघायचं, अर्ध्यात कंपनीचं बी लावायचं, अर्ध्यात शेतकऱ्याचं, मधी पत्र्याची पाटी ठोकायची, आन् पीक वर आलं की लोकं बोलावून, चहा पाजून इचारायचं, "आता सांगा, कोणतं भारी?" काकांना जगात कोणतंबी भांडण दिसलं की ते मनातल्या मनात त्याची अर्धी अर्धी वाटणी करून मधी पाटी ठोकायचे.

घरी आल्यावर ट्यूब बघून आईचं तोंड पडलं. काकूनं "लावून तर बघा अक्का" केलं. आईनं "माझी लेक म्हंजे काय कपडा हाये का, धुवून बघायला" केलं. भांडण पेटणार, इतक्यात काका वही घेऊन मधी बसले.

"वैनी, भांडायचं न्हाई. ट्रायल घेऊ. उजवा गाल तुमचा, डावा गाल हिचा. पंधरा दिवस. पाणी दोन्हीकडं सारखं."

"आन् कपाळ?" मी इचारलं. कपाळ माझं होतं, मला काळजी होती.

"कपाळाला काहीच लावायचं न्हाई. निस्तं पाणी. त्याच्याशी तर बराबरी करायची असती. शास्त्र हाये ते."

"हनुवटी?"

"हनुवटी पडीक ठेवू."

"मंग इकडचं तिकडं लागंल ना," आईनं शंका काढली.

"कसं लागंल? मधी नाकाचा एवढा मोठा बांध हाये."

सगळे माझ्या नाकाकडं बघून खुश झाले. मला कोणी इचारलंच न्हाई.

तर सुरू झालं. सकाळी उठल्या उठल्या हौदाच्या पाण्यानं तोंड धुवायचं. मंग उजव्या गालावर आई लेप लावायची, तो वाळून कडक व्हायचा आन् बोलताना त्याचे पोपडे चहात पडायचे. डाव्या गालावर काकू दोन बोटांनी क्रीम लावायची, खालून वर, कारण नळीवर बाण तसा होता. मंग काका बॉलपेनच्या मागच्या टोकानं पिंपल मोजायचे. कपाशीची बोंडं मोजतात तसं, मोठ्यानं, ओळीनं.

"प्लॉट अ, आठ. प्लॉट ब, सात. त्यातला एक पक्व."

"काका, हळू ना!"

"हाल्लीस की परत मोजावं लागतं."

दादा, म्हंजे माझे वडील, बागेतून आले की दारातूनच बघायचे. आमच्या झाडांच्या बुडाला रोग लागू न्हाई म्हून बोर्डोचा लेप लावतात, पांढरा निळा. दादा म्हणायचे, "आज ह्या झाडाला बोर्डो बराबर बसलाय." बस, एवढंच त्यांचं योगदान.

शाळेत तर इचारूच नका. बाकावर डावीकडं बसणारी म्हणायची, "गुलाबाचा वास येतो गं तुझ्या जवळ." उजवीकडची म्हणायची, "लाडू आणलेत का?" मधल्या सुट्टीत पोरींनी दोन गट पाडले. अर्ध्या डाव्याच्या, अर्ध्या उजव्याच्या. कपाळाच्या बाजूनं कोणीच न्हवतं.

दहाव्या दिवशी शाळेला सुट्टी होती. बागेत मोसंबीचा तोडा होता, सगळे गेल्ते. मी मागं राह्यले, लेप वाळायची वाट बघत. सहज काकूच्या पेटीतल्या आरशात बघितलं. पिंपल तर होतेच, वरून गाल दोन रंगांचे! डावा तूप लावल्यासारखा चकचकीत, उजवा पिवळा आन् कोरडा, उन्हाळ्यातल्या रानासारखा. पाच दिवसांवर फोटो. बारा कॉप्या. कंडक्टर मला काय म्हणंल ह्याचा मी इचारच केला न्हाई, एवढा मोठा इचार होता तो.

मंग मी काय केलं? ट्यूब उघडली, आन् उजव्या गालावर, त्या साल-हळदीच्या लेपावरच, बोटबोट जाड क्रीम थापली. म्हणलं दोन्हींचा गुण एका जागी आला तर काम जल्दी होईल. तसंच ऊन डोक्यावर घेऊन बागेत गेले आन् दुपारपर्यंत फळं वेचली. आधी चुणचुण झालं. मंग जळजळ. घरी येऊन हौदावर तोंड खसाखसा धुतलं तर उजवा गाल लालबुंद, मिरचीचं बोट लागल्यावानी.

आईनं बघितलं आन् तिच्या हातातली बादलीच सुटली. "आगं माय! हे काय झालं?"

मी हातानं गाल झाकला.

काकांनी वही काढली. "प्लॉट अ, करपला."

 त्या सांजंला काकूच्या भाकरी थापायचा आवाज लई खुशीत येऊन राह्यला होता.

 आई मात्र सालीच्या भुकटीचा डबा मांडीवर घेऊन बसली. वास घेतला, बोटावर घेऊन चाखली. मंग म्हणाली, "फवारा मारलेल्या झाडाची साल आली असंल माझ्याकडून. माझंच ध्यान न्हवतं." आन् उठून सगळा डबा उकिरड्यावर रिकामा केला. वर्षभराची भुकटी. मी बघत होते. तोंड उघडलं असतं तर वाचली असती. पण मला वाटलं, आता सांगितलं तर मार बसंल, आन् मार बसला तर दुसराबी गाल लाल होईल.

फोटोच्या दिवशी आम्ही चौघं अंबडला निघालो. आई, कारण फोटो तिच्या देखत पाह्यजे. काकू आन् काका, कारण त्यांना निकाल पाह्यजे. एसटीत काकांनी शेवटची मोजणी केली, पुढच्या सीटवरची माणसं वळून वळून ऐकत होती.

"प्लॉट अ, करपल्यामुळं बाद. प्लॉट ब, सातचे सात. गाल मऊ, पण पीक कायम. प्लॉट क..." ते थांबले. परत मोजलं. "कपाळ, दोन."

"दोन?" काकू म्हणाली. "सहा होते ना?"

"सहाचे दोन."

"मंग माझी क्रीमच वर पाझरली असंल."

"पाझरतं खाली," आई म्हणाली. पाच दिवसांत ती पहिल्यांदा एवढं बोलली.

फोटोवाले चाचा म्हातारे होते. स्टुडिओ म्हंजे एक अंधारी खोली, निळा पडदा, एक स्टूल. मला बसवलं, हनुवटी धरून तोंड इकडं तिकडं फिरवलं. "ये क्या हुआ बेटा? आधा चेहरा इधर का, आधा उधर का?"

काकांनी त्यांना डेमो प्लॉट समजावून सांगितला. चाचांनी सगळं शांतपणे ऐकलं, चष्मा पुसला आन् म्हणाले, "ठीक. लेकिन मेरा एक बल्ब उड गया. एकच लाईट हाये. बोलो, कौनसा गाल उजाले में लूँ?"

सगळे एकमेकांकडं बघायला लागले. कारण आता जो गाल उजेडात, तो जिंकला.

काकूनं घसा साफ केला. पण तिच्या आधी आई बोलली, हळूच. "डावा घ्या, भाऊ. उजव्याचं माझ्यामुळं झालं."

माझ्याच्यानं राहवलं न्हाई. मी स्टुलावरून ओरडले, "तुझ्यामुळं न्हाई झालं! मी चोरून त्याच्यावर क्रीम लावल्ती! जाड! आन् उन्हात गेल्ते!"

काकांच्या हातातून वही पडली. "भेसळ! म्हंजे प्लॉटमधी भेसळ झाली! सगळी ट्रायल रद्द!"

"आगं भवाने," आई म्हणाली, आन् तिचा आवाज असा चढला की चाचा दोन पावलं मागं सरकले. "मी पाच दिवस सालीला दोष देऊन राह्यले, अख्खा डबा उकिरड्यावर टाकला, आन् तू बघत उभी होतीस! भाऊ, उजवाच गाल घ्या उजेडात. भाजलेला दिसू द्या बराबर. वर्षभर बघंल आन् आठवंल."

"आई, न्हाई ना!"

"घ्या भाऊ!"

"अक्का, जाऊ द्या, पोरगी हाये," काकू म्हणाली. आन् मंग, खरंच सांगते, काकू पुढं म्हणाली, "क्रीमबी जरा जास्तच चिकट हाये ती."

चाचांनी आईकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. मंग दुसरं स्टूल ओढलं, त्याच्यावर चढले आन् लाईट माझ्या डोक्याच्या वर, उंच टांगला. दोन्ही गाल सावलीत गेले.

माझे डोळे भरून आल्ते. चाचा कॅमेऱ्यामागं गेले, तशी आई एकदम पुढं आली. पदराचं टोक जिभेला लावून ओलं केलं, उजव्या गालावर हळूच टेकवलं, दाबलं न्हाई. केस कपाळावरून मागं सारले.

"हास जरा," ती म्हणाली, अजून रागातच. "रडकी आलीस तर बारा ठिकाणी रडकी दिसशील."

फोटो आला तो असा. गाल काळपट, दोन्ही सारखे, एक पिंपल दिसत न्हाई, लालबी न्हाई, पिवळंबी न्हाई. ओठ हसू का नको अशा बेतात. आन् कपाळ! कपाळ असं चमकून राह्यलं की स्टीलचं ताट वाटावं.

मार्चमधी परीक्षेच्या हॉलमधी पर्यवेक्षक बाई हॉल तिकीट तपासत आल्या. फोटोकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, परत फोटोकडं. मंग माझे केस बोटानं जरा वर केले.

"कपाळ तर तुझंच दिसतं," त्या म्हणाल्या. "काय लावतेस गं?"

"काहीच न्हाई मॅडम," मी म्हणलं, "निस्तं पाणी," आन् त्यांनी मान हलवून सही केली, पण चेहऱ्यावरून त्यांचा काही विश्वास बसलेला दिसला न्हाई.