पैसे जाण्याआधीचं नाव

बसथांब्यावर शेजारच्या आजींनी मोबाईलवरून पैसे पाठवताना पडद्यावरचं नाव मोठ्यानं वाचलं, "दत्तात्रय... हो, आमचाच दत्तू!" आणि मगच बटण दाबलं. पडद्यावर आमचंच ॲप होतं. ऑनलाइन बँकिंगचं सॉफ्टवेअर करणारी आमची कंपनी दोन खोल्यांत होती, तेव्हा मी म्हणायचो, पैसे पाठवणाऱ्याला खातेक्रमांक दिसला की पुरे. माझी भागीदार नलिनी भांडली, "माणूस नावावर विश्वास ठेवतो रे, आकड्यावर नाही." पडद्यावर नाव आलं, कंपनी वाढली, आणि कंपनीचा इतिहास सांगताना ती कल्पना मी माझीच म्हणून सांगत राहिलो.

तिथूनच नलिनीला फोन लावून सगळं कबूल केलं.

"ते ठाऊकच होतं मला," ती म्हणाली. "आजींनी नाव वाचलं ना?"

"अगं, अख्ख्या थांब्याला ऐकू गेलं."

"मग जिंकलो की आपण!"